गळका एसी दाखवायचा की झाकायचा

शनिवार, १४ जून २०१४. फिरून आल्यावर पहिलं काम, पातेलं रिकामं करायचं.

बेडरूममधल्या एसीखाली रात्री मी एक जर्मनचं पातेलं ठेवत असे. घरी पंधरा-वीस माणसं जेवायला असली की त्यात आमटी व्हायची, तेवढं मोठं. सकाळपर्यंत त्यात इतकं पाणी साठायचं की उचलायला दोन्ही हात लागत. त्या दिवशीही मी ते बाथरूममध्ये ओतलं, फरशी पुसली आणि मान वर केली, तर समोर भिंतीवर गणपती.

फिरायला निघाले तेव्हा तो तिथे नव्हता. ती तसबीर हॉलमधली, लग्नात मिळालेली, जाड लाकडी चौकटीची. एसीखाली भिंतीला ओल येऊन जो पिवळा डाग पडला होता, बरोबर त्याच्यावर बेतून ती लावली होती. डाग झाकला गेला होता. फुगलेल्या रंगाचा एक पापुद्रा तेवढा खालच्या कोपऱ्यातून बाहेर डोकावत होता.

नवरा स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"अरे, गणपती तिथे कुणी नेला?"

"एजंटबाई म्हणाली, भिंतीवर काहीतरी लावा."

"काहीतरी म्हणजे गणपती?"

"मापात तोच बसला गं. सूर्यास्ताचं चित्र लहान पडत होतं."

"देवाला खोटी साक्ष द्यायला उभा केलास. काढ."

"खोटं कुठे बोलतोय आपण? कुणी विचारलं तर सांगूच."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर नाही सांगायचं. रीसेल फ्लॅट आहे. जसा आहे तसा विकतात. करारातसुद्धा तसंच असतं."

"मग जसा आहे तसा दाखवू की," मी म्हटलं, स्टूल घेतलं आणि तसबीर काढून हॉलमध्ये तिच्या जागी नेऊन लावली. आमची लेक सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मा, सो ड्रामा, लाह." तिला मराठी उत्तम समजतं. बोलायची वेळ आली की ती इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत शिरते.

हा फ्लॅट पासिर रिसला होता, बेटाच्या पूर्व टोकाला. समुद्र चालत जाण्याइतका जवळ, माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये, तेही जवळच. मग विकायचा कशाला, हे आम्हाला सगळ्यांनी विचारून झालं होतं. कारण एकच होतं. माझी धाकटी बहीण बुकित बातोकला राहायची, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. घटस्फोट होऊन ती लहान मुलीबरोबर एकटी होती आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टची नोकरी करत होती. पोरीला ताप आला की मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि पोचेपर्यंत ताप तरी उतरलेला असायचा, नाहीतर बहीण रडून मोकळी झालेली असायची. तिच्याच इमारतीत, तिच्याहून दोन मजले खाली एक फ्लॅट विकायला निघाला होता. मालक म्हातारे होते, मला ओळखत होते. "महिनाअखेरपर्यंत थांबतो," म्हणाले होते. आमचा विकला गेला तरच आम्ही तो घेऊ शकत होतो.

आणि आमचा विकला जात नव्हता. बाजार थंड होता. त्यात इथे प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं असावीत ते सरकार ठरवतं. आमच्या ब्लॉकमध्ये चिनी कुटुंबांची मर्यादा भरलेली, त्यामुळे आमच्यासारख्यांकडून चिनी गिऱ्हाईक तो घेऊ शकत नव्हतं. उरले मलाय आणि भारतीय. त्यांतले जे येत, ते हॉलमध्ये उभ्या उभ्या छान छान म्हणून परत जात. दुसऱ्यांदा बघायला आलेलं गिऱ्हाईक एकच, आणि ते त्या शनिवारी येणार होतं.

एसी फेब्रुवारीपासून गळत होता. सर्व्हिसिंगवाले दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी यंत्र उघडलं, धुतलं, नळीला हवा मारली. दोन-तीन दिवस बरं चालायचं, मग पुन्हा थेंब. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, सिस्टिम जुनी झाली, सगळी बदला. विकायला काढलेल्या घरात नवा एसी बसवायची माझी अजिबात तयारी नव्हती, आणि का गळतंय ते न सांगता 'बदला' म्हणणाऱ्यावर माझा तसाही विश्वास बसत नाही. मी बँकेत इंटर्नल ऑडिटमध्ये होते. दिवसभर लोकांना 'का' विचारायचा मला पगार मिळायचा.

अकरा वाजता एजंटबाई आली. चिनी, चाळिशीची, उंच टाचांची, जगातल्या प्रत्येकाला डियर म्हणणारी. ती थेट बेडरूममध्ये गेली आणि तिथूनच ओरडली.

"डियर! पिक्चर कुठे गेलं?"

"त्याच्या जागी."

"आता भिंत दिसतेय, लाह!"

"भिंत आहे, दिसणारच."

तिने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. मग तिने एसीचा रिमोट उचलून ड्रॉवरमध्ये टाकला, खिडक्या सताड उघडल्या आणि पडदा ओढून डागावर आणला. "एसी नको, समुद्राची हवा. ओके? मी बोलते. तुम्ही फक्त हसा."

मला स्वतःच्या घरात दबकून वावरायला आवडत नाही. पण त्या क्षणी मी पडदा तसाच राहू दिला. बुकित बातोकचा फ्लॅट माझ्याही डोळ्यांसमोर होता.

गिऱ्हाईक बाई मलाय होत्या, माझ्याच वयाच्या. शाळेच्या कँटीनमध्ये त्यांचा स्टॉल होता. डोक्याला जांभळा स्कार्फ, पायांत सपाट चपला, हातात मोजपट्टी. या वेळी त्या एकट्या आल्या होत्या, आणि एकटी बाई मोजपट्टी घेऊन येते तेव्हा ती घ्यायलाच आलेली असते. त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा मोजला, फ्रिजची जागा मोजली. मागे वॉशिंग मशीन आणि कपडे वाळत घालायची जागा होती, तिथे डोकावल्या. तिथे आमची तुळस होती. मोठ्या मातीच्या कुंडीत, पुढे रांगोळीचा ठिपका, कडेला पणती, बुंध्याला कुंकू. त्या दारातच थांबल्या.

"तुमची प्रार्थनेची जागा? मी आत जात नाही." बाहेरूनच अंदाज घेऊन त्या वळल्या.

मग बेडरूम. त्यांनी कपाटाची भिंत मोजली, पलंगाची जागा मोजली आणि म्हणाल्या, "ही खोली माझ्या आईसाठी. तिला दमा आहे. रात्री एसी लागतो. इथला चालतो ना?"

"सगळे चालतात!" एजंटबाई म्हणाली. "अगदी फर्स्ट क्लास."

"हा नाही चालत," मी म्हटलं. "म्हणजे चालतो, पण गळतो."

मी पडदा बाजूला केला. ड्रॉवरमधून रिमोट काढून एसी लावला. कपाटाखालचं पातेलं बाहेर ओढलं आणि एसीखाली ठेवलं. एजंटबाईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, दारात बोट चेमटल्यासारखा. नवरा हॉलमध्ये निघून गेला.

आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसलो आणि वाट बघत राहिलो. थोडा वेळ काहीच झालं नाही. एजंटबाईला आशा वाटू लागली. "बघा, कधीतरीच होतं…" तेवढ्यात पहिला थेंब पातेल्यात टण्णकन पडला. मग दुसरा. मग धार.

बाईंनी उठून डागाला हात लावला, बोटं नाकाशी नेली. "कशामुळे?"

"माहीत नाही. सर्व्हिसिंगवाल्यांना दोनदा बोलावलं. त्यांनाही कळलं नाही."

"मग हे एसीचं पाणी आहे कशावरून? वरच्या मजल्याचं असेल. भिंतीतलं असेल."

त्यांचं बरोबर होतं. ऑडिटमध्ये मीही हेच विचारलं असतं.

"तुम्ही सांगितलंत, थँक यू," त्या म्हणाल्या. "पण दम्याच्या माणसाला ओली भिंत… कारण माहीत असतं तर गोष्ट वेगळी. उद्या दुपारी मी टॅम्पिनीसला एक फ्लॅट बघणार आहे. त्यानंतर ठरवते." त्यांनी मोजपट्टी गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

दार लागल्यावर एजंटबाईने मला डियर म्हणणं बंद केलं. "मॅडम, तुम्हाला विकायचं आहे की नाही?"

"आहे."

"मग असं कोण करतं?"

"मी."

ती गेली. मग नवऱ्याची पाळी. "तिने विचारलं आणि तू सांगितलंस, इथपर्यंत ठीक आहे. पण एसी लावून, पातेलं ठेवून, बसून दाखवायची काय गरज होती? शो होता का तो?"

"तिची आई झोपणार आहे तिथे."

"आणि तुझी बहीण? तिचं काय?"

हे लागलं. मी बहिणीलाच फोन लावला. वाटलं होतं ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती ड्युटीवर जायच्या गडबडीत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, एक दिवस जरा गप्प बसली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?"

"तुझ्या शेजारी यायचं म्हणून दुसऱ्याच्या आईला ओलीत झोपवू?"

"मी तसं म्हटलं का?"

"तसंच म्हणालीस."

"बरं बाई, तुझं खरं," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. तिचा आवाज थकलेला होता. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. सगळे मिळून मला एका डागाखाली दाबायला निघाले होते. ठीक आहे. कारण हवंय ना? कारण शोधते.

संध्याकाळी मी स्टूल घेऊन एसीचं पुढचं झाकण उघडलं. आतला ट्रे काठोकाठ भरलेला. म्हणजे पाणी वरच्या मजल्यावरून येत नव्हतं, भिंतीतूनही नाही. इथेच तयार होत होतं आणि त्याला पुढे जायला वाट नव्हती. मग मी नळीच्या मागे लागले. ती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणातून कपाटामागून जाते, स्वयंपाकघराच्या छताखालून वळते आणि मागे मशीनच्या जागेत खाली उतरते. मी बोट लावत लावत तिच्या मागून गेले. मशीनच्या शेजारी ती जमिनीपर्यंत येते, तिथून खरं तर फरशीतल्या जाळीकडे जायला हवी. तिथे ती वाकडी होऊन तुळशीच्या कुंडीत शिरली होती.

मी खाली वाकून नीट बघितलं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या घराला माहीत होतं, आणि म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. तीन-चार वर्षांपूर्वी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एसीचं स्वच्छ पाणी जाळीत वाहून जाताना बघून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. ज्यांच्या घरी आयुष्यभर सकाळी तासभर पाणी आलं, त्यांना ते बघवेना. त्या बादली ठेवू लागल्या. पण इथे डासांच्या अळ्या शोधत सरकारी माणसं दारात येतात, साठवलेलं पाणी दिसलं की दंड करतात. तेव्हा नवऱ्याने शक्कल काढली. नळीला जोड देऊन तिचं टोक तुळशीच्या मातीत खोल पुरलं. साठवण नाही, डास नाहीत, पाण्याचा थेंब वाया जात नाही, तुळशीला रोज पाणी. सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. त्याने फोटो काढून, खाली 'झीरो वेस्ट' लिहून, पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवले. तुळस अशी फोफावली की बुंधा माझ्या अंगठ्याहून जाड झाला.

मी नळी ओढून बघितली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. कुंडी हलली, नळी नाही. आतून काहीतरी तिला घट्ट धरून होतं.

सर्व्हिसिंगवाले आठवले. दोन्ही वेळा ते या दारापर्यंत आले होते. पणती आणि कुंकू बघून, देवाची जागा म्हणून त्यांनी चपला काढल्या, अदबीने मागे सरले आणि म्हणाले, "ऑल्टर, आंटी. वी डोंट टच." मलाय बाईही तशाच दारात थांबल्या. आणि आम्ही? आम्ही रोज तिथे दिवा लावत होतो, पण खाली वाकून कधी बघितलं नव्हतं.

"अरे, इकडे ये!"

नवरा आला. मी नळीकडे बोट दाखवलं. त्याने ओढून बघितली. तो हुशार माणूस आहे, समजायला त्याला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याने कपाळाला हात लावला.

"मुळं."

"मुळं."

"पाइपात शिरलीत."

"तुझ्या झीरो वेस्टमध्ये."

"आईला सांगायला नको," तो म्हणाला, आणि तेवढ्यात शनिवारचा पुण्याचा व्हिडिओ कॉल आला, नेहमीच्या वेळेवर. लेकीने तो उचलला आणि हसत हसत आजीला जमेल तेवढ्या मराठीत सगळं सांगून टाकलं. मग तिने फोन माझ्या हातात दिला.

"अगं, ऐकतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "नळी काढायची तर काढ बाई. पण आत्ता नको, तुमच्याकडे दिवेलागण झाली. झाडं झोपतात आता."

"ठीक आहे आई, उद्या सकाळी करते."

"उद्या रविवार. रविवारी तुळशीला हात लावत नाहीत. सोमवारी कर."

"सोमवारी नाही चालणार. बाई उद्या दुपारी दुसरं घर बघायला जाणार आहेत."

"मग जाऊ दे तिला! दुसरी मिळेल. एका गिऱ्हाइकासाठी रविवारची तुळस उपटणार तू?"

"उपटणार नाही, सोडवणार आहे. तिचाही गळा आवळला गेलाय."

"तू माझं कधी ऐकलंयस म्हणा."

"बऱ्याचदा ऐकलंय. हे नाही ऐकणार."

मग त्या म्हणाल्या, "त्याला दे." नवऱ्याने फोन घेतला, "हो आई, हो आई" करत बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "सोमवारी पहाटे केलं तर? आई खूप…"

"तुझी आई पुण्यात आहे. त्या बाईंची आई ओल्या भिंतीखाली येणार आहे. आणि माझी बहीण बुकित बातोकला आहे. मी उद्या करणार. तू मदतीला ये किंवा येऊ नकोस."

त्याच क्षणी करावं, असं माझ्या मनात होतं. थांबले ते नियमासाठी नाही. मागच्या जागेत उजेड अपुरा होता, अंधारात मुळं नको तिथे तुटली असती, आणि मला तुळस मारायची नव्हती. नवी कुंडीही नव्हती.

रविवारी सकाळी खालच्या दुकानाचं शटर वर जाताना मी तिथे उभी होते. एक कुंडी घेतली, मातीची पिशवी घेतली. घरी येऊन मागच्या जागेत वर्तमानपत्रं अंथरली, पणती आणि रांगोळीचं तबक उचलून ओट्यावर ठेवलं. तुळशीला नमस्कार केला. मग नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून हातोडी घेतली आणि कुंडीच्या कडेवर ठोका घातला.

आवाजाने नवरा आला. गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी तुळशीचा बुंधा सांभाळून धरला. मी खापऱ्या बाजूला केल्या. मुळांची गच्च गादी झाली होती आणि तिच्या मधोमध आमची नळी. मी हॅक्सॉ करवतीने ती कुंडीच्या वर कापली. साठलेलं पाणी भसकन फरशीवर आलं आणि जाळीकडे धावलं. मातीत अडकलेला तुकडा मी मुळांसकट सुरीने सोडवून काढला. वीतभर नळी, आत पांढऱ्या मुळांचा दोर, तोंडापर्यंत ठासलेला. तुळस नव्या कुंडीत गेली. नळीचं नवं टोक नवऱ्याने जाळीपर्यंत नेलं आणि चिकटपट्टीने पक्कं केलं.

"आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"खरं ते."

मी हात धुतले, बेडरूमच्या खिडक्या बंद केल्या, एसी पूर्ण लावला आणि खाली पातेलं ठेवलं. भिंतीवरचा डाग तसाच ठेवला. अंघोळ केली, चहा घेतला, परत जाऊन बघितलं. पातेलं कोरडं होतं. अजून थोडा वेळ गेला. तरीही कोरडं.

मग मी एजंटबाईला न विचारता मलाय बाईंना फोन लावला.

"कारण सापडलं," मी म्हटलं. "माझ्या हातात आहे. टॅम्पिनीसला जाण्याआधी इकडे या. आणि आईंना घेऊन या, त्यांना त्या खोलीत बसू दे हवं तितका वेळ."

त्यांनी विचारलं, "एसी चालू आहे?"

"सकाळपासून."

"पाणी?"

"तुम्हीच येऊन बघा."

"अर्ध्या तासात आम्ही दोघी येतो," त्या म्हणाल्या.

मी नळीचा तुकडा मुळांसकट एका जुन्या ताटलीत ठेवला, पलंगाशेजारी दोन खुर्च्या मांडल्या आणि दार उघडं ठेवून बसले.